मदत हवी आहे : छापखान्याचं अपलोड-अॅप क्लाउडवर चढवायचंय, फायली ठेवू कुठे?

कोरा_कागद

नमस्कार लोकहो. इंदूरला राजवाड्यापासून जवळच माझ्या काकांचा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, पँफ्लेट आणि हल्ली सगळ्यात जास्त फ्लेक्स. पार्टीकडून फायली येतात त्या पेन ड्राइव्हने, ईमेलने नाहीतर व्हॉट्सअॅपवर. पेन ड्राइव्हबरोबर व्हायरस येतो. जीमेल २५ एमबीच्या पुढची फाइल जोडू देत नाही. आणि व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं कितीही सांगा, पार्टी फोटो म्हणूनच पाठवते. मग दहा बाय वीसच्या फ्लेक्सवर नवरदेवाचा चेहरा चौकोनाचौकोनांत उमटतो आणि भांडायला आमच्याकडे येतात.

म्हणून मी फ्लास्कमध्ये (पायथनमधलं वेब-अॅप लिहायचं साधन) एक छोटं अॅप लिहिलं. नाव-मोबाइल टाकायचा, फाइल चढवायची, जॉब नंबर मिळतो. डीटीपीच्या टेबलावर यादी दिसते, ऑपरेटर फाइल उतरवून कोरलड्रॉमध्ये उघडतो. जॉबची यादी एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये आहे. दुकानातल्या वायफायवर हे छान चाललंय. आता देवास, महू, उज्जैनकडच्या पार्ट्यांसाठी ते इंटरनेटवर हवंय.

एका फुकट होस्टिंगवर चढवून पाहिलं, तर नवा कोड ढकलला की आधीच्या सगळ्या फायली गायब. कोड न ढकलताही सकाळी उठून पाहावं तर गायब, आणि सोबत जॉबची यादीही रिकामी. मोठ्या फायलींना कधी ४१३ नंबरची एरर, कधी नुसतंच चक्र फिरून पान बंद पडतं. काका मागे उभे राहून म्हणतात, “अगं, फाइल जाऊन नाही राहिली.” ते मलाही दिसून राहिलंय!

तिसरी गोष्ट जास्त विचित्र आहे. मुंजीची पत्रिका उघडावी तर आत कोचिंग क्लासचं पँफ्लेट निघतं. हे फक्त देवनागरी नावांच्या फायलींचं होतं. दुकानात काउंटरवरचा मुलगाच इंग्रजीत नाव देऊन फाइल चढवतो, त्यामुळे तिथे हा प्रश्न आलाच नव्हता.

फ्लेक्सची फाइल साधारण ४० ते १५० एमबीची असते. खर्च महिन्याला हजार रुपयांच्या आत बसवायचाय. फायली नेमक्या कुठे ठेवू, आणि त्या माझ्या सर्व्हरमधूनच जायला हव्यात का?

टर्मिनलबुवा

आधी तीन गोष्टी सांगा. फाइल कोडशेजारच्या ‘अपलोड्स’ फोल्डरात लिहिता का? नावासाठी सिक्युअर_फाइलनेम वापरता का? आणि होस्टिंगवर पर्सिस्टंट (रीस्टार्टनंतरही टिकणारी) डिस्क वेगळी जोडली आहे का?

कोरा_कागद

हो. हो. नाही.

टर्मिनलबुवा

मग तिन्ही कोडी सुटली.

फायली गायब होणं हा बिघाड नाही, तिथली रीतच तशी आहे. तुमचं अॅप कंटेनरमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या एका तात्पुरत्या डब्यात, चालतं. नवा कोड आला की जुना कंटेनर मोडतात आणि गिटमधल्या (तुम्ही कोड ढकलता ती जागा) कोडवरून नवा उभा करतात. मधल्या काळात डिस्कवर जे लिहिलं गेलं ते गिटमध्ये नाही, म्हणून नव्या कंटेनरातही नाही. फुकट योजनेत कोणी फिरकलं नाही की कंटेनर झोपवतात. तुमची सकाळची कोरी पाटी त्यातूनच. पैसे भरून हे टळतंच असंही नाही. हेरोकू या होस्टिंगवर डायनो (त्यांचा कंटेनर) दिवसातून निदान एकदा रीस्टार्ट होतोच. (त्यांची फुकट योजना २०२२ च्या नोव्हेंबरात बंद झाली, तेव्हा जुने व्हिडिओ बघून तिकडे जाऊ नका.) गूगलच्या क्लाउड रनवर साधारणपणे जी डिस्क दिसते ती मुळात मेमरी असते, १५० एमबी लिहिले की तेवढी रॅम गेली. एसक्यूलाइट हीसुद्धा शेवटी एक फाइलच, म्हणून यादीही त्याच वाटेने गेली. यादी पोस्टग्रेसमध्ये (वेगळा चालणारा डेटाबेस) हलवा, फायली ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये (फक्त फायली साठवायची क्लाउड सेवा). कंटेनरमध्ये फक्त कोड राहू दे.

आता पत्रिका आणि पँफ्लेट. सिक्युअर_फाइलनेम हे वर्कझोइगचं (फ्लास्कच्या आतली लायब्ररी) फंक्शन आहे, आणि ते नावातलं आस्कीबाहेरचं, म्हणजे साधी इंग्रजी अक्षरं-आकडे सोडून, प्रत्येक अक्षर टाकून देतं. ‘लग्नपत्रिका’ नावाच्या पीडीएफचं टिंबाआधीचं सगळं नाव उडतं, मग आघाडीचा टिंबही उडतो, आणि एक्स्टेन्शनची तीन इंग्रजी अक्षरं तेवढी फाइलचं नाव म्हणून उरतात. ‘मुंज’ असो की ‘कोचिंग क्लास’, दोघांचं नाव तेच, आणि नंतर आलेली फाइल आधीच्या फाइलवर बसते. नावात इंग्रजी आकडा असेल तर आणखी फसवं. ‘पत्रिका 2’ आणि ‘बॅनर 2’ या दोन्हींचा फक्त 2 उरतो. देवनागरी २ असेल तर तोही जातो. फंक्शनचा हेतू चांगला आहे, कोणी नावात टिंबं आणि तिरप्या रेघा घालून दुसऱ्या फोल्डरात शिरू नये. पण आपल्या लिपीची त्याच्याकडे सोयच नाही.

उपाय असा की पार्टीने दिलेलं नाव साठवणीसाठी वापरायचंच नाही. प्रत्येक फाइलला यूयूआयडी (दुसऱ्या कशाशी न जुळणारा लांबलचक नंबर) द्या, स्टोरेजमध्ये तीच किल्ली. मूळ नाव डेटाबेसच्या रकान्यात जसंच्या तसं ठेवा आणि उतरवताना कंटेंट-डिस्पोझिशन हेडरमध्ये परत द्या. तिथे साधं फाइलनेम न देता तारा लावलेला प्रकार वापरा, त्यात यूटीएफ-८ नाव टक्क्यांच्या चिन्हांनी एन्कोड करून जातं. ऑपरेटरला पुन्हा ‘मुंज पत्रिका फायनल नवी’ असंच दिसेल.

४१३ म्हणजे मधल्या कुठल्यातरी प्रॉक्सीला (ब्राउझर आणि अॅपमधला मध्यस्थ सर्व्हर) फाइल मोठी वाटली. एनजिनएक्स या अशाच प्रॉक्सीत क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ न सांगता सोडलं तर मर्यादा १ एमबी असते. स्वतःच्या सर्व्हरवर ती वाढवता येते, दुसऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर नाही. व्हर्सेल या होस्टिंगच्या फंक्शनला ४.५ एमबी, एडब्ल्यूएसच्या (अॅमेझॉनचं क्लाउड) एपीआय गेटवेला १० एमबी, क्लाउड रनला एचटीटीपी १ वर ३२ एमबी. तुमचा फ्लेक्स यातल्या कशातच मावत नाही.

चक्र फिरून बंद पडण्याचं गणित करून बघा. ९० एमबी म्हणजे ७२० मेगाबिट. चढवण्याचा वेग ५ एमबीपीएस धरला तर अडीच मिनिटांच्या आसपास. जीयुनिकॉर्न (फ्लास्क अॅप चालवणारा सर्व्हर) वापरत असाल तर त्याचा नेहमीचा टाइमआउट ३० सेकंदांचा असतो. पुढचा प्रॉक्सी सगळी फाइल आधी स्वतःकडे साठवून घेत नसेल, तर त्याचा साधा वर्कर (विनंत्या हाताळणारी प्रक्रिया) ती वाचत अडकतो आणि मारला जातो. टाइमआउट वाढवाल, पण मग तेवढा वेळ तो वर्कर एकाच पार्टीला बांधलेला.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर ‘नाही’. ब्राउझर अॅपला फक्त नाव आणि आकार सांगतो. अॅप डेटाबेसमध्ये ‘येतेय’ अशी नोंद करून सही केलेली, थोड्या मुदतीची लिंक देतं. फाइल ब्राउझरमधून थेट बकेटमध्ये (ऑब्जेक्ट स्टोरेजमधला तुमचा कप्पा) जाते. झाली की अॅप स्टोरेजला विचारून खात्री करतं आणि नोंद ‘आली’ करतं. ही खात्री अॅपनेच करा, ब्राउझरच्या शब्दावर जाऊ नका. आकाराला चाप हवा असेल तर सही केलेल्या पोस्ट फॉर्ममध्ये (पोस्ट आणि पुट या फाइल पाठवायच्या दोन पद्धती) किमान-कमाल आकाराची अट घालता येते. पुटच्या लिंकमध्ये तशी अट नाही.

साधासर्व्हर

बुवांचं सगळं खरं, पण एका छापखान्यासाठी एवढा सरंजाम कशाला? एक छोटा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घ्या, डिस्क तुमची, रीस्टार्टने काही जात नाही. एनजिनएक्सची मर्यादा २०० एमबी करा. तो मुळातच विनंती आधी साठवून मग पुढे देतो, त्यामुळे वर्कर अडकायचाही प्रश्न नाही. एसक्यूलाइटही तशीच चालेल. रात्री आरसिंक या कॉपी करायच्या साधनाने सगळं दुकानातल्या हार्डडिस्कवर ओढून घ्या. नावांची दुरुस्ती मात्र दोन्हीकडे लागेल.

टर्मिनलबुवा

चालेल की. पण मग सर्व्हरचे अपडेट, फायरवॉल, सर्टिफिकेट आणि डिस्क भरलीय का हे बघणं, सगळं त्यांच्या गळ्यात. लग्नसराईत डिस्क भरते ती नेमकी शनिवारी रात्री.

साधासर्व्हर

आणि बकेटचं बिल, आयएएम (कोणाला काय करता येईल याच्या परवानग्या), कॉर्स (दुसऱ्या डोमेनवरच्या पानाला ब्राउझरमधून येऊ देण्याचे नियम) हे कोणाच्या गळ्यात? कुठलं तरी एक शिकावंच लागणार. सर्व्हर शिकलेला पुढे दहा ठिकाणी कामी येतो, एवढंच माझं म्हणणं.

जिरावन

भिया राम! मीही इंदूरचाच, सुखलियातला.

ताई, निर्णय कशावर घ्यायचा ते सांगतो. तुमची पार्टी फाइल चढवते कुठून? महूहून मोबाइलच्या डेटावर. १२० एमबी जाता जाता मधेच नेटवर्क गेलं की साध्या अपलोडमध्ये सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि दुसऱ्यांदा कोणी प्रयत्न करत नाही, सरळ व्हॉट्सअॅपवर फोटो टाकतो. एस३ मध्ये (अॅमेझॉनचं ऑब्जेक्ट स्टोरेज) आणि त्याच्यासारख्या स्टोरेजमध्ये मल्टिपार्ट आहे. फाइलचे तुकडे करून पाठवायचे, शेवटचा सोडून प्रत्येक निदान ५ एमबीचा. जो पडला तेवढाच परत जातो. ब्राउझरच्या बाजूला अप्पी ही लायब्ररी हे काम करते. व्हीपीएसवर असं करता येतं, पण त्यासाठी टस-सारखा (तुटलेलं अपलोड पुढे चालू करणारा) वेगळा सर्व्हर बसवावा लागतो.

मल्टिपार्टची एक खोच आहे. अर्धवट राहिलेले तुकडे यादीत दिसत नाहीत, पण त्यांचं भाडं चालू राहतं. बकेटला लाइफसायकल नियम लावून अपुरे अपलोड काही दिवसांनी आपोआप रद्द होतील असं करा.

खर्च हजारात आरामात बसेल. अॅमेझॉनची मुंबई रीजन (तिथली डेटा सेंटरं) २०१६ पासून आहे, तीच घ्या. ५० जीबी साठवायला महिन्याला दीड डॉलरच्या आत, वर १८ टक्के जीएसटी. बाहेर ओढलेल्या डेटाचे पहिले १०० जीबी दरमहा फुकट असतात. तुमच्याकडे प्रत्येक फाइल छापायला एकदा तरी खाली उतरणार, तेव्हा तो आकडा सीझनमध्ये बघत राहा. त्याच्या पुढे जात असाल तर क्लाउडफ्लेअर आर२ या एस३ सारख्याच स्टोरेजला बाहेर ओढायचे पैसे नाहीत.

आणि लोक छापखान्यात आधारची कॉपी काढायलाही येतात, तुमच्या अॅपवरही टाकतील. बकेट सार्वजनिक करू नका. एप्रिल २०२३ पासून एस३ चं नवं बकेट मुळातच बंद असतं, ‘फोटो दिसेना’ म्हणून ते उघडायचा मोह होईल तो टाळा. उतरवायलाही सही केलेलीच लिंक द्या. अॅपची किल्ली मुख्य खात्याची नको, त्या एका बकेटपुरती, आणि गिटमध्ये तर नकोच.

कोरा_कागद

सगळ्यांचे आभार. साधासर्व्हर, तुमचा मुद्दा पटला होता, पण महूच्या पार्टीसमोर हार मानली. बकेट मुंबईत केलं, यादी पोस्टग्रेसमध्ये नेली, नावांना यूयूआयडी लावले. मुंज आणि कोचिंग क्लास आता वेगवेगळे राहतात! सध्या मल्टिपार्ट न करता साध्या पुटने चाचणी करतेय.

अडलंय ते कॉर्सवर. बकेटला माझं डोमेन घालून पुटची परवानगी दिली आहे, तरी ब्राउझर कॉर्सची एरर देतो. तीच लिंक टर्मिनलमधून कर्लने (ब्राउझरशिवाय लिंक चालवायची कमांड) चालवली की फाइल नीट जाते. कर्लला मी वळणं (रीडायरेक्ट) पाळायला सांगितलंय, तेवढा फरक.

टर्मिनलबुवा

तेवढ्यातच उत्तर आहे. लिंकच्या पत्त्यात मुंबई रीजनचं नाव दिसतं का बघा. बोटो३ (पायथनमधून एस३ शी बोलणारी लायब्ररी) अनेकदा जागतिक पत्त्याची लिंक बनवतं, आणि बकेट नवं असलं की तो पत्ता ३०७ देऊन दुसरीकडे वळवतो. कर्ल वळतं. ब्राउझर खऱ्या विनंतीआधी ऑप्शन्सची चौकशी पाठवतो, आणि त्या चौकशीला वळवलेलं चालत नाही. म्हणून एरर कॉर्सची दिसते, कारण वेगळंच असतं. क्लायंट बनवताना रीजन आणि एंडपॉइंट (सेवेचा पत्ता) दोन्ही मुंबईचे द्या, आणि सिग्नेचर आवृत्ती ४ सांगा. मुंबईला जुनी सही चालतच नाही.

पुढे मल्टिपार्ट कराल तेव्हा कॉर्सच्या नियमात ईटॅग (प्रत्येक तुकड्याची खूण) हेडर उघड करायला विसरू नका. तुकडे जोडताना तो लागतो, आणि ब्राउझरला तो न सांगता दिसत नाही.

कोरा_कागद

एंडपॉइंट बदलला. गेली! १४० एमबीचा फ्लेक्स, थेट. काका आता विचारताहेत की जुन्या फायली किती दिवस ठेवायच्या. त्यांना सगळं कायमचं हवंय.

प्रीप्रेस

छापखान्यातला म्हणून सांगतो. पार्टी ‘मागच्या वर्षीचंच छापा’ म्हणते ते बिलबुक आणि लेटरहेडचं, लग्नाचा फ्लेक्स कोणी पुन्हा मागत नाही. दोन प्रीफिक्स (किल्लीच्या सुरुवातीचे, फोल्डरसारखे शब्द) करा, ‘कायम’ आणि ‘सीझन’, आणि आपोआप पुसायचा लाइफसायकल नियम फक्त सीझनवर, ९० दिवसांचा. आधारसाठी तिसरा, एका दिवसाचा. जॉब चढवतानाच प्रकार निवडायला लावा, नंतर ऑपरेटर कधीच निवडत नाही. आणि अपलोडच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा : फॉन्ट कर्व्ह करून (अक्षरांच्या आकृत्या बनवून) पाठवा. तिथे क्लाउड काही करू शकत नाही.