कोठडीसाठी ४५ अब्ज डॉलर: अमेरिकेचं हे बजेट कुणी उलगडून सांगेल का?

नववी गल्ली, राजारामपुरी
मंडळी, माझी हयात ट्रेझरीत बिलं तपासण्यात गेली. आकडा दिसला की आधी लेखाशीर्ष शोधायची खोड अजून गेलेली नाही. पुतण्या डॅलसला आहे, शिक्षण संपवून ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच शिक्षणानंतर काही काळ काम करायच्या परवानगीवर, नोकरी करतोय. वहिनी टीव्ही बघतात आणि मला फोन करतात, "भाऊजी, आमच्या पोराला धरतील का हो?"

म्हणून बसून वाचलं. ४ जुलै २०२५ ला तिथं सही झालेल्या कायद्यात स्थलांतरितांना डांबून ठेवण्याच्या सोयीसाठी ४५ अब्ज डॉलर आहेत. शिवाय पकडणं आणि परत पाठवणं यासाठी साधारण ३० अब्ज वेगळे. ४५ अब्ज म्हणजे ३ लाख ८० हजार कोटींच्या वर! आपल्या राज्याचं २०२५-२६ चं अख्खं बजेट ७ लाख कोटींचं. त्यांच्या नेहमीच्या वार्षिक तरतुदीत कोठडीसाठी साडेतीन अब्जांच्या आसपास असायचे, ते चालूच. हे त्यावर, एकरकमी, सप्टेंबर २०२९ पर्यंत वापरायला.

आमच्याकडं मार्चअखेरीला पैसे परत जाऊ नयेत म्हणून गरज नसलेली कपाटंसुद्धा घेतली जायची. मी स्वतः ती बिलं पास केलीत. तिथं कपाटांच्या जागी खाटा आहेत. खाटा घेतल्या की भरायला माणसं शोधणार, असं मला वाटतं. चुकतंय का?

जर्सीतला कोल्हापूरकर
काका, फारसं नाही. २००९ पासून काही वर्षं तिथल्या संसदेनं बजेटमध्येच अट घातली होती, आधी ३३ हजार आणि मग ३४ हजार खाटा कायम ठेवायची. २०१७ ला ती गेली. पण बरीच केंद्रं जिओ ग्रुप, कोअरसिव्हिक अशा खाजगी कंपन्या चालवतात आणि कित्येक करारांत किमान खाटांचे पैसे ठरलेले असतात. माणूस असो वा नसो, बिल निघतं. रिकामी खाट दिसली की वरचा साहेब विचारणारच.

आणखी एक. ही कोठडी दिवाणी स्वरूपाची, फौजदारी नव्हे, त्यामुळं सरकारी खर्चानं वकील मिळत नाही. आपल्या खिशातून करायचा.

गाळप हंगाम
काका, एवढं बजेट कशाला वाचलं? कारखान्यानं गाळप क्षमता वाढवली की काय होतं ते आपल्या जिल्ह्यात शेंबडं पोरगं सांगेल. ऊस पळवापळवी. आधी शेजारच्या तालुक्यातला, मग सीमेपलीकडचा, शेवटी कोवळासुद्धा तोडतात.

शिरोळकर
उपमा झकास, पण बेकायदा जाणाऱ्यांना कुणी आवरायचंच नाही का? ५ फेब्रुवारी २०२५ ला लष्करी विमानातून १०४ जण अमृतसरला उतरवले, त्यात ३ महाराष्ट्राचे. शेत विकून एजंटला पैसे देतात आणि मग रडतात. मला वाईट वाटतं, पण दया नाही येत.

नववी गल्ली, राजारामपुरी
शिरोळकर, आवरा की. बेड्या घालून आणायची काय गरज होती, एवढंच माझं म्हणणं. आणि परत पाठवायचं तर लवकर पाठवा. महिनोन् महिने डांबून रोजचं भाडं कुणाला पोचतं, ते बिल तपासणाऱ्यानं विचारायला नको?

जर्सीकर, पुतण्याचं सांगा.

जर्सीतला कोल्हापूरकर
कागद नीट असतील तर वहिनींना झोपू द्या. पहिल्या वर्षाच्या ओपीटीत नोकरीविना ९० दिवसांपेक्षा जास्त जाता कामा नयेत. पत्ता किंवा कंपनी बदलली तर १० दिवसांत कळवायचं. कामाच्या परवान्याचं कार्ड खिशात ठेवायचं, घरी कपाटात नाही. किरकोळ पोलीस केसमध्येसुद्धा वकिलाला विचारल्याशिवाय गुन्हा कबूल करायचा नाही.

आणि त्याच कायद्यात रोखीनं घरी पाठवलेल्या पैशावर १ टक्का कर आहे, जानेवारी २०२६ पासून. बँक खात्यातून पाठवले तर नाही.

नववी गल्ली, राजारामपुरी
आत्ताच फोन केला. ९० दिवसांचं ऐकून वहिनी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, मागची कंपनी सुटल्यावर दोन महिने तो घरीच होता. आता त्याला उठवून तारखा लिहून मागवतोय. तिथं पहाटेचे चार वाजलेत.