मदत हवी आहे: सोयाबीनचा ओलावा, कळमना बाजार आणि तारण कर्ज

नमस्कार मंडळी. उमरेड भागातल्या शेतकरी गटाचं सोयाबीन एकत्र करून विकायचं आहे. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा साधारण 12 टक्के. आमच्या मीटरवर 12 दिसतो, नागपूरच्या कळमना बाजार समितीत तोच माल 14 निघतो, आणि वाद तिथंच सुरू होतो.

उन्हातून काढलेला गरम दाणा लगेच मोजला तर आकडा चुकतो, म्हणून नमुना सावलीत थंड करून, पोत्याच्या वर-मध्य-तळातून बंबीनं (पोत्यात खुपसून दाणे काढायच्या टोकदार नळीनं) काढून, तीनदा मोजतो. तरी फरक राहतोच. मीटर प्रमाणित नमुन्याशी ताडून देणारं कोणी नागपुरात आहे का?

दुसरा प्रश्न हिशेबाचा. 16 टक्क्यांचा 100 क्विंटल माल 12 वर आणला की 95.45 क्विंटल उरतो, म्हणजे साडेचार क्विंटल पाणीच गेलं. वाळवणीची मजुरी वेगळी. भावातला फरक त्याहून जास्त असेल तरच वाळवणं परवडतं. हे सभासदांना पटवताना तुम्ही कोणता तक्ता वापरता?

तिसरं, बाजार समितीची शेतमाल तारण योजना. माल गोदामात तारण ठेवून त्याच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज, व्याज 6 टक्के, मुदत 180 दिवस. काढणीच्या गर्दीत पडत्या भावात विकण्यापेक्षा हे नक्कीच बरं. पण माल गटाचा असेल तर सातबारा आणि पीकपेरा प्रत्येक सभासदाचा लागतो का? गोदामात वजन घटलं तर तूट कोणाच्या माथी? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.