फोर बाय फोरमध्ये गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफला कोणतं ऑइल टाकावं?

चाकोरीबाहेर:
जुनी फोर बाय फोर घेतली आहे. मॅन्युअल गिअरबॉक्स, पार्ट टाइम ट्रान्सफर केस (हवी तेव्हा पुढच्या चाकांनाही ताकद देणारी पेटी), पुढे-मागे सॉलिड ॲक्सल आणि त्यात डिफरन्शियल (डिफ, डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणारा), मागचा डिफ क्लच प्लेटवाला एलएसडी (लिमिटेड स्लिप, म्हणजे एकच चाक मोकळं फिरत राहू न देणारा). आधीच्या मालकाने कधी काय टाकलं याची काहीच नोंद नाही, म्हणून सगळं एकदाच बदलतोय. थंड गाडीत दुसरा गिअर टाकताना खरखर होते, गाडी तापली की कमी होते.

मेकॅनिक म्हणतो, चारही ठिकाणी ८०डब्ल्यू-९० जाडीचं, जीएल-५ प्रकारचं गिअर ऑइल टाका, ते वरच्या दर्जाचं असतं. गाडीच्या माहितीपुस्तिकेत (मॅन्युअलमध्ये) मात्र गिअरबॉक्सला ७५डब्ल्यू-९० जीएल-४, ट्रान्सफर केसला एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) आणि डिफला ८०डब्ल्यू-९० जीएल-५ दिलंय. एवढं वेगवेगळं खरंच लागतं का? आणि गाडीचा गिअरबॉक्स मॅन्युअल असताना एटीएफ कशाला?

पिनियन:
पुस्तिकेचं ऐका. जीएलच्या पुढचा आकडा हा दर्जा नाही, तो कामाचा प्रकार आहे. ४ पेक्षा ५ बरं असं धरून चालणाऱ्यांचे गिअरबॉक्स मी उघडलेले पाहिलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डिफमध्ये पिनियन (इंजिनकडून फिरणारा छोटा गिअर) क्राऊनच्या (त्याने फिरणाऱ्या मोठ्या गिअरच्या) मध्यरेषेवर नसतो, खाली किंवा वर सरकवलेला असतो. त्यामुळे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, लांबीच्या दिशेने घासतही जातात. त्या दाबाखाली ऑइलचा थर तुटतो. तिथे जीएल-५ मधलं गंधक-फॉस्फरस कामाला येतं: तापलेल्या जागी पोलादाशी संयोग होऊन पातळ थर तयार होतो आणि धातूऐवजी तो थर झिजतो. ते भरपूर लागतं, म्हणून जीएल-५ मध्ये त्याचं प्रमाण जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतं.

गिअरबॉक्समधल्या सिंक्रो रिंगचं काम बरोबर उलटं. तिला गिअरच्या शंकूला धरून त्याचा वेग जुळवून घ्यायचा असतो, म्हणजे तिला घर्षण हवं. ऑइल फार निसरडं झालं की रिंग घसरते, वेग जुळायच्या आत गिअर जोडणारा स्लीव्ह दातांवर आपटतो आणि तुम्हाला खरखर ऐकू येते. शिवाय रिंग बहुधा पितळेची असते, आणि तापलेल्या ऑइलमधलं सक्रिय गंधक पितळ-तांब्याला खातं. नवीन जीएल-५ ऑइलं यात सुधारली आहेत, पण घर्षणाचा प्रश्न राहतोच.

तुमची खरखर थंडपणीच होते. ऑइल जाड किंवा चुकीचं असण्याची शक्यता आहे, ७५डब्ल्यू जीएल-४ ने फरक पडावा. पण रिंगच झिजली असेल तर कोणत्याही डब्यातून ती भरून निघणार नाही.

मधला_लिव्हर:
एटीएफबद्दल. बऱ्याच ट्रान्सफर केसमध्ये ताकद साखळीने पुढच्या शाफ्टला जाते आणि आत छोटा ऑइल पंप असतो. साखळीच्या कड्यांत शिरायला आणि पंपाला ओढायला पातळ ऑइल लागतं. जिथे साखळीऐवजी गिअर असतात तिथे बहुतेक वेळा गिअर ऑइलच असतं. म्हणून दुसऱ्याच्या गाडीवरून ठरवू नका. एटीएफमध्येही प्रकार आहेत, मॅन्युअलमध्ये जे नाव आहे ते डब्यावर लिहिलेलं असलंच पाहिजे.

एक गोष्ट नक्की बघा. गिअरबॉक्समधून लालसर ऑइल आलं, किंवा एका ठिकाणी पातळी जास्त आणि शेजारी कमी निघाली, तर गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसमधला ऑइल सील गेलाय. तो बदलल्याशिवाय नवीन ऑइल टाकणं वाया जाईल.

चिखलवाट:
मागच्या डिफसाठी डब्यावर 'एलएसडीसाठी योग्य' असं हवं, नाहीतर फ्रिक्शन मॉडिफायर (प्लेटांचं घर्षण आटोक्यात ठेवणारं द्रव्य) वेगळं घाला. ते नसेल तर हळू वळताना प्लेटा धरतात-सोडतात आणि मागून कुरकुर, थरथर येते. ऑइल बदलल्यावर मोकळ्या जागेत सावकाश आठच्या आकड्यात आठ-दहा फेऱ्या मारा, म्हणजे नवीन ऑइल प्लेटांमध्ये मुरतं. पुढचा डिफ साधा असेल तर त्याला यातलं काही नको.

चाकोरीबाहेर:
मनापासून आभार. आणखी एक: इंजिनला ४० नंबर आणि इथे ९०, म्हणजे हे दुप्पट जाड ना? मग थंडीत ७५डब्ल्यू तरी कसं चालेल?

पिनियन:
दोन्ही मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. गिअर ऑइलचं ९० म्हणजे १०० अंश सेल्सिअसला १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक (ऑइलच्या जाडीचं एकक). इंजिन ऑइलचं ४० आणि ५० साधारण त्याच पट्ट्यात येतं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडपणीचा: ७५डब्ल्यूची मर्यादा उणे ४० अंशांना तपासतात, ८०डब्ल्यूची उणे २६ ला. ७५डब्ल्यू-९० बहुतेक सिंथेटिक किंवा अर्ध-सिंथेटिकच मिळतं, त्यामुळे गिअरबॉक्सला तो प्रश्न आपोआप सुटला. डिफला चांगलं मिनरल ऑइल पुरेसं आहे, जड ओढकाम असेल तरच सिंथेटिकचा आग्रह धरेन.

आणि कृपा करून आधी फिलर (भरायचा) प्लग उघडा, मग ड्रेन (काढायचा). ऑइल सगळं काढलं आणि भरायचा प्लग गंजून बसलाय असं कळलं, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. काम गाडी थोडी चालवून, ऑइल कोमट असताना करा. भरताना गाडी सपाट जागेवर हवी, ऑइल भोकाच्या काठाशी आलं की थांबा.

चाकोरीबाहेर:
आज केलं. पुढच्या डिफचा फिलर प्लग खरंच बसलेला होता. रात्रभर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं, सकाळी लांब दांड्याने सुटला. गिअरबॉक्समधून काळपट, गंधकाचा उग्र वास असलेलं ऑइल आलं, म्हणजे आत जीएल-५ च असावं. ट्रान्सफर केसचं लालच होतं आणि दोन्हीकडे पातळी बरोबर. मागच्या डिफच्या ड्रेन प्लगच्या चुंबकावर बोटाने पुसता येईल अशी करडी लुकण, तुकडा एकही नाही. पण पुढच्या डिफचं ऑइल दुधाळ निघालं.

चिखलवाट:
लुकण नेहमीची झीज आहे, काळजी नको. नखाला लागणारे तुकडे असते तर डिफ उघडायला सांगितलं असतं.

दुधाळ म्हणजे पाणी. ब्रीदर (डिफमधली हवा आत-बाहेर होऊ देणारं छिद्र) बघा, बहुतेक चिखलाने बुजलाय. तापलेला डिफ ओढ्यात उतरला की आतली हवा आकसते. ब्रीदर बंद असेल तर ती सीलमधून पाणी ओढून घेते. ब्रीदर साफ करून त्याला नळी जोडा आणि तिचं टोक बॉनेटखाली उंच न्या. आत्ता साधं जीएल-५ भरा, दोन-तीनशे किलोमीटर चालवून ते काढून टाका आणि मग पक्कं भरा. ॲक्सलचे सीलही तपासा, ते गेले असतील तर नकलमधलं (पुढचं चाक वळवणाऱ्या सांध्यातलं) ग्रीस पातळ होऊन बाहेर ओघळलेलं दिसेल.

चाकोरीबाहेर:
ब्रीदरची टोपी चिखलाने घट्ट झाली होती, फिरतच नव्हती. साफ करून नळी वर नेली. नकल कोरडे आहेत. आज सकाळी थंड गाडी काढली, दुसऱ्या गिअरला पहिल्या दोन वेळा किंचित अडलं, नंतर आवाज नाही. पुढच्या डिफचं ऑइल परत काढलं की रंग कळवतो.