हात सुटतात, पण डोकं? लिव्होडोपाच्या डोसवर चर्चा

मांजराकाठ (लातूर)

पार्किन्सनमध्ये लिव्होडोपाचा (मेंदूत जाऊन डोपामीन होणाऱ्या औषधाचा) डोस आपल्याकडं फक्त हात-पाय बघून ठरतो. कंप कमी झाला का, बाजेवरून एकट्याला उठता येतंय का, झालं. गोळी वाढवायच्या आधी आणि नंतर विचारशक्तीचीही तपासणी झालीच पाहिजे, असं माझं मत आहे.

कारण डोपामीन, म्हणजे निरोप पोचवणारं रसायन, मेंदूत सगळीकडं सारखं आटत नाही. सगळ्यात आधी ते पुटामेनच्या मागच्या भागात आटतं, म्हणजे हालचालीच्या ठिकाणी. बक्षीस आणि तोटा तोलणारा खालचा भाग, न्यूक्लिअस अ‍ॅक्युम्बन्स, सुरुवातीच्या वर्षांत बराचसा शाबूत असतो. गोळी मात्र दोन्हीकडं पोचते. वाळलेल्या वाफ्यासाठी दार फोडलं की शेजारच्या ओल्या वाफ्यातही पाणी साचतं, तसंच हे. गोथम, ब्राउन आणि मार्सडेन यांनी १९८८ मध्येच ही अतिडोसाची शक्यता मांडली होती. २००४ मध्ये मायकेल फ्रँक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की औषध उतरलेलं असताना रुग्ण चुकलेल्या निवडीपासून जास्त शिकतात आणि औषधावर असताना बक्षीस मिळालेल्या निवडीपासून. पाय मोकळे झालेला माणूस पैशाच्या व्यवहारात त्याच चुकीकडं परत का जातो, याचं एक उत्तर इथं सापडतं.

न्यूरोवॉर्ड (छत्रपती संभाजीनगर)

अर्धीच बाजू सांगितली तुम्ही. त्याच लिव्होडोपानं कार्यकारी स्मृती (काम करताना गोष्ट डोक्यात धरून ठेवणं) आणि एका कामावरून दुसऱ्या कामाकडं लक्ष वळवणं सुधारतं, हेही त्याच धाटणीच्या प्रयोगांत दिसलंय. बिघाड दिसतो तो मुख्यतः नियम उलटल्यावर नव्यानं शिकण्याच्या चाचण्यांत, आणि तोही माफक.

शिवाय हे प्रयोग रुग्णाला रात्रीपासून बारा तास औषधाविना ठेवून होतात. लिव्होडोपाचा एक परिणाम काही तास टिकतो, दुसरा कित्येक दिवस रेंगाळतो. म्हणजे बारा तासांचा ‘ऑफ’ (औषध उतरलेली अवस्था) हा खरा ऑफ नव्हेच. अशा तुलनेवरून डोस ठरवायचा?

मला भीती वेगळीच आहे. ‘गोळीनं डोकं जातं’ एवढंच गावात पोचतं आणि घरचे लोक गोळी अर्धी करतात, नाहीतर बंद. एकदम बंद केली की ताप, अंग लाकडासारखं ताठ, बडबड. हे जिवावर बेततं. २०१९ च्या लीप अभ्यासात ४४५ रुग्णांत लवकर आणि ४० आठवडे उशिरा सुरू केलेल्या लिव्होडोपाची तुलना झाली. ८० आठवड्यांनी दोन्ही गटांत फरक नव्हता. गोळीनं आजार थांबत नाही आणि वाढतही नाही. पुढं येणारा स्मृतिभ्रंश होतो तो मेंदूत पसरलेल्या ल्युई बॉडी (प्रथिनांच्या गाठी) आणि आटलेलं आणखी एक रसायन अ‍ॅसिटिलकोलीन यांमुळं, सिंडोपामुळं, म्हणजे लिव्होडोपाच्या गोळीमुळं, नाही.

काउंटरमागून (नांदेड)

दोघंही मोठ्या पुस्तकातलं भांडताय. डोकं बिघडवणारी गोळी बहुतेक वेळा त्याच पिशवीत असते, पण ती लिव्होडोपा नसते.

एक साखळी बघा. सिंडोपा ११० म्हणजे १०० मिलिग्रॅम लिव्होडोपा आणि १० कार्बिडोपा. सिंडोपा प्लस म्हणजे १०० आणि २५. २७५ म्हणजे २५० आणि २५. लिव्होडोपाचं डोपामीन मेंदूबाहेरच होऊ नये म्हणून कार्बिडोपा लागतं, आणि त्याला दिवसाला साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम पाहिजेत. चिठ्ठीवर नुसतं ‘सिंडोपा’ लिहिलेलं असलं आणि दुकानातून ११० दिली, तर तीन गोळ्यांत कार्बिडोपा ३० च पडतं. मग मळमळ सुरू होते आणि उभं राहिलं की बीपी पडतं. मळमळीवर कुणीतरी मेटोक्लोप्रामाइड देतं, चकरेवर सिनारिझिन, पोट फुगलं म्हणून पॅन्टोप्राझोल-लिव्होसल्पिराइडची कॅप्सूल. मेटोक्लोप्रामाइड आणि लिव्होसल्पिराइड डोपामीनची वाट अडवतात, सिनारिझिनही त्याच वाटेचं. कंप वाढतो, चाल अडते. आता कंपावर पॅसिटेन, म्हणजे ट्रायहेक्सीफेनिडिल, २ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा. सत्तरीच्या माणसाला ट्रायहेक्सीफेनिडिल म्हणजे तोंड कोरडं, संडास बंद, लघवी अडकणार आणि दुपारी जेवलं का नाही तेही आठवणार नाही.

एवढं झाल्यावर नाव कुणाचं? सिंडोपाचं! मळमळीला डोम्पेरिडोन चालतं, ते मेंदूत फारसं शिरत नाही. हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी विचारायचं, एवढंच.

मांजराकाठ (लातूर)

काउंटरवाले भाऊ, ही साखळी शंभर टक्के मान्य. पण त्यानं माझा मुद्दा कटत नाही. प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल या डोपामीनची नक्कल करणाऱ्या गोळ्या घ्या. प्रामिपेक्सोल डी-३ रिसेप्टरला (डोपामीन जिथं चिकटतं त्यातल्या एका जागेला) जास्त चिकटतं, आणि ते रिसेप्टर शाबूत राहिलेल्या खालच्या भागातच जास्त असतात. २०१० च्या डोमिनियन अभ्यासात ३,०९० रुग्ण होते. या गटाच्या गोळ्या घेणाऱ्यांत १७ टक्क्यांना जुगार, अनावर खरेदी, खाणं किंवा कामवासना यांपैकी काहीतरी सुटलं होतं. न घेणाऱ्यांत ते सुमारे ७ टक्के होतं. आपल्याकडं हेच मटका, ऑनलाइन रमी, नाहीतर रात्री दोनला उठून रेडिओ खोलून बसणं अशा रूपात दिसतं. रुग्ण स्वतःहून सांगत नाही. विचारायचं बायकोला किंवा सुनेला, आणि तेही बाजूला घेऊन. बंद करतानाही पायरीपायरीनं, नाहीतर बेचैनी, घाम, उदासी.

स्कॅनरूम (जालना)

मेंदूच्या कुठल्या भागात गोळी काय करते हा विषय निघालाच आहे, म्हणून स्कॅनवर दिसणाऱ्या मेंदूतल्या जोडण्यांबद्दल. रेस्टिंग स्टेट एफएमआरआय स्कॅनमध्ये कुठलीही तार दिसत नाही. पाच-दहा मिनिटं पडून राहिलेल्या माणसाच्या दोन भागांतला रक्तप्रवाहाशी निगडित संकेत किती एकत्र वर-खाली होतो, त्या आकड्याला ‘जोडणी’ म्हणतात. २००९ च्या एका गाजलेल्या अभ्यासात ऑफमध्ये पूरक हालचाल क्षेत्राची जोडणी कमकुवत दिसली आणि लिव्होडोपानंतर ती निरोगी माणसांच्या जवळ आली. विचारांच्या जाळ्यांबद्दल, म्हणजे डिफॉल्ट मोड (माणूस निवांत असताना जागं होणारं जाळं) आणि कपाळामागचा भाग, निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत.

एक गोम लक्षात घ्या. डोकं मिलिमीटरच्या काही भागाइतकं हललं तरी खोट्या जोडण्या तयार होतात. ऑफमध्ये माणूस कापतो, ऑनमध्ये, म्हणजे औषध चढल्यावर, कापत नाही. मग फरक औषधाचा की डोकं हलण्याचा? चांगले अभ्यास हालचाल मोजून ती वजा करतात, सगळे करत नाहीत. एकट्या रुग्णाचा डोस या स्कॅनवरून कुणालाच ठरवता येत नाही, तेव्हा त्यासाठी पैसे घालू नका.

काष्ठौषधी (परभणी)

एवढी भानगड कशाला? खाजकुइलीच्या बियांचं चूर्ण द्यावं. त्यात हेच द्रव्य, लिव्होडोपा, नैसर्गिक स्वरूपात आहे.

काउंटरमागून (नांदेड)

वैद्यबुवा, द्रव्य आहे, ते १९३७ मध्येच भारतात दामोदरन आणि रामस्वामी यांनी वेगळं काढलं. पण बियांत लिव्होडोपा चार-पाच टक्क्यांच्या आसपास, आणि ते वाणानुसार नि साठवणीनुसार बदलतं. पाच ग्रॅम चूर्ण म्हणजे सव्वादोनशेच्या आगेमागे मिलिग्रॅम, सोबत कार्बिडोपा नाही. एकटं घेतलं तर मळमळ. सिंडोपा चालू असताना वरून घेतलं तर पोटात आधीच असलेल्या कार्बिडोपामुळं त्याचा जोर कितीतरी पटींनी वाढतो, आणि रात्री भिंतीवर माणसं दिसायला लागतात. घ्यायचंच असेल तर लिव्होडोपाचा डोस म्हणून डॉक्टरांच्या हिशेबात धरा. गुपचूप दुधातून नको.

काष्ठौषधी (परभणी)

गुपचूप द्या असं मी म्हणलोच नाही. शोधन केलेलं, मोजून.

न्यूरोवॉर्ड (छत्रपती संभाजीनगर)

मांजराकाठ, तपासणी करायची तर कशी, तेही सांगा. ऑफमध्ये एकदा नि ऑनमध्ये एकदा मोजलंत तर आकडे कवडीमोलाचे.

मांजराकाठ (लातूर)

दोन्ही वेळा गोळीनंतर तासाभरानं, घड्याळ लावून. गोळी जेवणाआधी अर्धा तास, कारण वरणातली नि दह्यातली प्रथिनं पचून होणारी अमिनो आम्लं लिव्होडोपाची वाट अडवतात. शिकलेल्याला मोका (स्मृती-विचारशक्तीची) चाचणी, ३० पैकी गुण, बारा वर्षं किंवा त्याहून कमी शिक्षण असेल तर एक गुण वाढवून. शाळा न पाहिलेल्याला ती लावू नका, गुण कमीच पडणार. त्यांना महिने उलटे म्हणायला लावा, आणि जानेवारी-डिसेंबर नको, फाल्गुन ते चैत्र. एका मिनिटात बाजारातल्या भाज्यांची नावं. शंभराची नोट देऊन सदतीस रुपयांचा सौदा, किती परत येणार?

त्याआधी बीपी: पाच मिनिटं आडवं ठेवून, मग उभं करून एक आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं पडला तर सुस्ती तिथूनच येत असणार. एप्रिल-मेच्या उन्हात पाणी कमी पडलं की हे हमखास होतं.

न्यूरोवॉर्ड (छत्रपती संभाजीनगर)

बी-१२ राहिलं. लिव्होडोपानं होमोसिस्टीन (रक्तातलं एक अमिनो आम्ल) वाढतं आणि बी-१२ खाली येऊ शकतं. माळकरी घर, त्यात मधुमेहासाठी मेटफॉर्मिन, म्हणजे आधीच तळ गाठलेला. अचानक भ्रम झाला तर लघवीचा संसर्ग, सोडियम आणि बद्धकोष्ठता आधी बघायची.

आणि एवढं करूनही डोकं खराब, पाय चांगले निघाले, तर कमी करायचा क्रम ठरलेला आहे: आधी पॅसिटेन, मग अमँटाडीन (हीही पार्किन्सनचीच गोळी), मग प्रामिपेक्सोलसारख्या गोळ्या, लिव्होडोपा सगळ्यात शेवटी. भास थांबले नाहीत तर क्वेटियापिन कमी मात्रेत. हॅलोपेरिडॉल अजिबात नाही. तुमची तपासणी चालेल, पण तिच्या आकड्यावरून पहिली कात्री लिव्होडोपाला लागणार असेल तर माझा विरोध कायम.

मांजराकाठ (लातूर)

क्रमाबद्दल वाद नाही. पण २७५ ची गोळी दिवसाला चार घेणाऱ्याला, वरच्या तीनपैकी एकही गोळी चालू नसताना, पाचवी जोडताना निदान हा सौद्याचा प्रश्न विचारा. ‘पाय चाललेत ना’ म्हणून पाचवी लिहिली जाते, माझी तक्रार तिथंच आहे.