अण्णांचा रिपोर्ट नॉर्मल, मग साखर का वाढतेय?

राणी: आज पुन्हा उपाशीपोटी १५४. जेवणानंतर २३८. आणि अण्णा म्हणतात एचबीए१सी ५.४ आलंय, गोळी कशाला. मी थकले समजावून. आता तुम्हीच बोला कोणीतरी.

अण्णा: घरातलं ग्रुपवर टाकायची गरज नव्हती.

तात्या: एचबीए१सी म्हणजे ३ महिन्यांची सरासरी. ५.४ म्हणजे नॉर्मल. मीटर चुकत असेल.

राणी: तात्या, मीटर नवीन आहे. आणि लॅबमध्ये शिरेतून रक्त दिलं तेव्हाही उपाशीपोटी १४९ आली. १२६ च्या वर दोनदा आली की मधुमेह धरतात.

माईआत्या: लॅबमध्ये गेल्याचं आम्हाला आत्ता कळतंय. असू दे.

बापूकाका: माई, फोन उचललास तर कळेल ना.

माईआत्या: मी काय उचलत नाही? तू करतोस कधी?

सोनू: आई, थांब जरा. अण्णामामा, मलेरियाच्या गोळ्यांनंतर बापूमामांचे डोळे पिवळे झाले होते, लघवी काळ्या चहासारखी. तेव्हा त्यांचं जी६पीडी, म्हणजे लाल पेशींना फुटण्यापासून जपणारं एन्झाइम, कमी निघालं होतं. तुमचं कधी तपासलंय का?

अण्णा: मला कधी काही झालेलं नाही.

सोनू: कित्येकांना आयुष्यभर पत्ता लागत नाही. तो दोष आईकडून येतो. आजीकडून आला असेल तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता.

माईआत्या: आता गेलेल्या आईवर खापर फोडा.

राणी: आत्या, आजीला कोण बोलतंय? मला अण्णांची काळजी आहे.

तात्या: एचबीए१सी म्हणजे ३ महिन्यांची सरासरी. ५.४ म्हणजे नॉर्मल.

बापूकाका: हे मघाशी वाचलं आम्ही.

सोनू: बाबा, लाल पेशी ३ महिने टिकल्या तर ती ३ महिन्यांची सरासरी. पेशी साधारण १२० दिवस जगते, तोवर साखर हिमोग्लोबिनला चिकटत राहते. जी६पीडी कमी असल्यामुळे ती लवकर फुटली तर चिकटायला वेळच मिळत नाही. साखर वाढलेली असते आणि आकडा खालीच दिसतो.

तात्या: मग चांगल्या लॅबमध्ये करा. मोठ्या मशीनवर सगळं कळतं.

सोनू: सिकलसेल, हिमोग्लोबिन ई किंवा डी असा हिमोग्लोबिनचा वेगळा प्रकार असेल तर एचपीएलसीच्या, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या मशीनच्या, आलेखात बहुतेकदा वेगळा उंचवटा दिसतो, लॅबवाले शेरा मारतात. जी६पीडीत हिमोग्लोबिन साधंच असतं, आलेख अगदी स्वच्छ. म्हणून तर ते निसटतं. २०१७ मध्ये मोठा अभ्यास आला होता. जी६पीडीचा एक बदल असलेल्या आफ्रिकी वंशाच्या पुरुषांत आकडा साधारण ०.८ ने कमी दिसला.

बापूकाका: माझाही दरवर्षी ५ च्या आसपास येतो. मी खूश! साखर वेगळी कधी बघितलीच नाही.

माईआत्या: आमच्या शेजारणीचं उलट झालं. आकडा वाढलेला, आणि शेवटी निघालं लोह कमी.

तात्या: बघा, म्हणजे अण्णांना मधुमेह नसेलच.

राणी: तात्या, त्यांचा वर गेला होता. अण्णांचा खाली आहे आणि साखर दीडशेच्या पुढे.

अण्णा: बरं, मग करायचं काय? सरळ सांग.

सोनू: मामा, डॉक्टरांना मीटरचे आकडे आणि बापूमामांचा जुना कागद दाखवा. जी६पीडी तपासायला सांगा. फ्रुक्टोसामीनचंही विचारा, ते रक्तातल्या प्रथिनांवरून मागच्या २-३ आठवड्यांची साखर सांगतं, लाल पेशींचा त्यात संबंध नाही. गोळीचं तेच ठरवतील.

राणी: आम्ही घरातले आजार सांगताना फक्त बीपी सांगितलं होतं. बापूकाकांचं कोणी विचारलंही नाही.

बापूकाका: कागद आहे माझ्याकडे. फोटो टाकतो.

सोनू: राणीताई, अण्णामामांना निघालं तर तू वाहक असणारच. चिंटूचंही बघून घे. मलेरियाची प्रायमाक्विन कोणी देण्याआधी माहीत असलेलं बरं.

माईआत्या: आणि तुझं रे?

सोनू: माझं तपासलंय आई, ठीक आहे.

अण्णा: राणी, उद्या ८ ला निघू. मीटरची वही घे.