गावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप चालू ठेवू की बंद करू?

भाऊसाहेब_सातारा
सातारा जिल्ह्यातल्या एका गावात ग्रामसेवक आहे. पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात मी भाऊसाहेबच. दिवाळीत पंचायतीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला, 340 जण आहेत. पंधरा दिवस बरं चाललं. मग सकाळी गुलाबाची फुलं, दुपारी वाढदिवसाचे बॅनर आणि रात्री दोन्ही पार्ट्यांची जुंपलेली.

परवा पाण्याची मोटार जळाली. सकाळी साडेसहाला टाकलं, "मोटार दुरुस्तीला नेली आहे, वरच्या आळीला उद्या पाणी." सात मिनिटांत 41 मेसेज. शेवटचा, "मग घरपट्टी कशाला घेता?" प्रत्यक्षात दुपारी तीनलाच मोटार बसली, पाणी सुटलं. तेही टाकलं, पण तो मेसेज फुलांखाली गाडला गेला. वरच्या आळीतल्या बायका संध्याकाळपर्यंत विहिरीवर.

सरपंच म्हणतात ग्रुप बंद करा. फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल असं केलं, तर म्हणतील आमची तोंडं दाबली. काय करावं?

माजी_सरपंच_ताई
भाऊसाहेब, खुशाल दाबा. ग्रुपवर फक्त पंचायतीनं लिहायचं. तक्रारीला वेगळा नंबर द्या, आणि तो फोन ऑफिसात ठेवा, स्वतःच्या खिशात नको.

खरं काम मात्र ऑइलपेंटनं होतं, फोननं नाही. आमच्याकडे तक्रार यायची, "मारुतीच्या देवळामागचा दिवा गेलाय." देवळामागे खांब तीन. माणूस शिडी घेऊन जाणार, दिवसा सगळेच दिवे बंद, मग नेमका चालू असलेला उतरवून बघणार. शेवटी शिपायाकडून सगळ्या खांबांवर नंबर घातले. रंगाचे दोन डबे आणि दोन दिवस, एवढाच खर्च. मग तक्रार यायला लागली, "47 बंद." रात्री आम्ही ग्रुपवर फोटो टाकायचो, पेटलेला दिवा आणि खाली पांढऱ्या अक्षरांत 47. खाली काही लिहायची गरज नाही. जी पोरं आधी शिव्या द्यायची, तीच रात्री फिरून नंबर कळवायला लागली.

चाळीतला_माणूस
शहरातला अनुभव सांगतो. गल्लीतल्या चेंबरचं झाकण गेलं म्हणून महापालिकेच्या हँडलवर फोटो टाकला. वीस मिनिटांत तक्रार क्रमांक! मी हुरळलो. चार दिवसांनी "काम पूर्ण", सोबत फोटो. झाकण नवंकोरं, पण गल्ली दुसरीच. आमच्या गल्लीतल्या चेंबरात तेव्हाही झाडाची फांदी खोचलेली होती. ताईंचा नंबर असलेला फोटो म्हणूनच पटला.

निवृत्त_विस्तार_अधिकारी
एक धोका सांगतो. ग्रुपवर "रस्ता आधी की गटार?" असं मतदान घेऊ नका. मी अशी भांडणं मिटवलीत. ग्रुपवरचे अंगठे म्हणजे ठराव नव्हे. ग्रामसभेला गणपूर्ती लागते, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यात कमी असेल ती. नोटीस सात दिवस आधी काढावी लागते. ती फळ्यावर लावाच, दवंडीही द्या. ग्रुपवर टाकली की काम झालं, असं समजू नका.

आणि त्या 340 मध्ये बायका किती, ते मोजलंत का? पाणी भरतं कोण आणि ग्रुपवर भांडतं कोण? ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची ती कायद्यातच आहे. बहुतेक ठिकाणी रजिस्टर घरोघर फिरवून सह्या घेतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

भाऊसाहेब_सातारा
साहेब, काल बसून मोजलं. बायकांच्या नावाचे नंबर 52. त्यातल्या 19 जणींना फोन लावला तर पोरानं नाहीतर नवऱ्यानं उचलला. वरच्या आळीतल्या फक्त चौघी.

तूर्त असं ठरवलंय. ग्रुप फक्त पंचायतीचा. पाण्याची वेळ लिहून नाही, बोलून टाकणार, म्हणजे म्हातारी माणसंही ऐकतील. वेळ बदलली तर घंटागाडीच्या भोंग्यावरून वरच्या आळीत पुकारा.

रंगाचे डबे आणलेत. शिपाई विचारतोय, एक नंबरचा खांब एस्टी स्टँडजवळचा की देवळाजवळचा? स्टँड एका पार्टीचं, देऊळ दुसरीचं. ताई, तुम्ही कुठून सुरुवात केली होती?

माजी_सरपंच_ताई
स्मशानापासून. तिथं कुणी हक्क सांगत नाही.