कोयरी परत आली, पण छापून आली. हे चांगलं झालं का?

कृष्णाकाठ
परवा बस्त्यासाठी सांगलीत मारुती रोडला गेले होते. जिकडे बघावं तिकडे कोयरी. कुर्ते, ओढण्या, पडदे, पोरांचे शर्टसुद्धा. दुकानदार म्हणाला, "ताई, व्हिंटेज पेस्ली आहे, सध्या हेच चालतंय." मी कापड उलटं केलं. मागून पांढरं फटक. पॉलिस्टरवर डिजिटल प्रिंट.

मला हे फार लागलं. आमच्याकडे आजीची हळदीकुंकवाची पितळी कोयरी आहे. तिचा निमुळता कोपरा कितीही घासला तरी पिवळाच राहतो, इतकी हळद त्यात मुरली आहे. ज्या आकाराला आपल्या घरात नाव आहे, त्याला पेस्ली का म्हणायचं? ते स्कॉटलंडमधलं, ग्लासगोजवळचं गाव. काश्मिरी शाली युरोपात अंगावर मिरवायला लागल्या, तेव्हा 1805 च्या सुमारास तिथे त्यांच्या नकला विणायला लागले आणि नक्षीला गावाचंच नाव पडलं. मूळ कानी शालीत प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या लाकडी काडीवर असतो. कुठे कोणता रंग किती धाग्यांवर घालायचा, ते 'तालीम' नावाच्या सांकेतिक लिपीत लिहिलेलं असतं. भरगच्च शालीला वर्ष सहज जातं. छापलेल्या पाच घेण्यापेक्षा विणलेली एक घ्या, एवढंच माझं म्हणणं.

तासगावकर
ताई, अजिबात पटलं नाही. कोयरी तरी मुळात आपली कुठे? इराणात तिला बोतेह म्हणतात, वाकलेल्या सुरूच्या झाडापासून ती आली असं बरेच जण मानतात. तिथून काश्मीर, मग आपण. प्रत्येकाने आपलं नाव दिलं, तसं त्यांनीही दिलं. आणि नकलेला एवढी नावं का ठेवायची? पेस्लीच्या शाली मूळ शालीपेक्षा कितीतरी स्वस्त होत्या, म्हणून तर साध्या घरातल्या बायकांना त्या घेता आल्या. माझ्या बायकोने 700 रुपयांची कोयरीची साडी घेतली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तीन जणींनी कुठून घेतली म्हणून विचारलं. तिच्या आनंदात काय खोट आहे?

कृष्णाकाठ
वहिनींच्या आनंदात काहीच खोट नाही. इराणचंही मान्य. पण त्या स्वस्त शालीसुद्धा मागावर विणल्या जायच्या हो! पुढे छापील शाली आल्या, आणि 1870 नंतर घागऱ्याला मागून फुगा द्यायची फॅशन आली. त्यावर मोठी शाल नीट बसेना. विणकरांचं काम गेलं. त्याच सुमारास फ्रान्स युद्धात हरला आणि काश्मीरच्या शालींचं मोठं गिऱ्हाईक तुटलं. 1960 च्या दशकात कोयरी पुन्हा जगभर शर्टांवर आली. ही नक्षी परत येते दरवेळी, पण तिच्याबरोबर विणकर परत येतोच असं नाही.

मिरजेची शिलाईवाली
मी दोन्ही कापडं शिवते. विणलेल्या कोयरीच्या मागे सुटे धागे असतात, अस्तर लावलं नाही तर बांगडीत, नखात अडकून ओढले जातात. रोजच्या वापराला प्रिंटच बरं. फक्त घेताना कोयऱ्यांची शेपटं बघा. सगळी एकाच दिशेला असतील तर कापड उलटसुलट टाकून बेतता येत नाही, नाहीतर एका बाहीवर कोयरी डोक्यावर उभी राहते. ब्लाऊजपीस अपुरा पडतो आणि बोल मला लागतो. थोडं जास्तच कापड आणा बाई.

विट्याचा मागवाला
ताई, विणलेली घ्या म्हणता, पण विणायची कुणी? माझे आठ माग आहेत, सगळे साधे. डॉबी, म्हणजे साध्या नक्षीचं यंत्र, मागाला लावली तर चौकडा, पट्टी, बारीक बुट्टी निघते. कोयरीचं वळलेलं शेपूट काढायला जॅकार्ड हे मोठं नक्षीयंत्र लागतं, कारण त्या नक्षीसाठी उभे धागे वेगवेगळे उचलावे लागतात. त्याचा खर्च करायचा म्हणजे पुढे माल उठेल याची खात्री पाहिजे, आणि गिऱ्हाईक तर प्रिंटकडे पळतंय. मी तुमच्या बाजूचा आहे, पण 700 ला मात्र ती साडी होणार नाही.

तासगावकर
तेच तर म्हणतोय दादा. मग परवडणार कुणाला?

विट्याचा मागवाला
अंगभर कशाला पाहिजे? सुती साडी, अंग साधं, पदराला तेवढी कोयरी. इचलकरंजीत आमच्या पाहुण्यांचे जॅकार्डचे माग आहेत, त्यांना विचारतो. पण दोन-चार साड्यांसाठी कुणी नवी नक्षी चढवत नाही. निदान एक बीम, म्हणजे मागावर चढवलेला उभ्या धाग्यांचा रूळ, संपेल एवढी मागणी पाहिजे.

कृष्णाकाठ
एका बीममध्ये किती साड्या बसतात ते विचारून सांगा. रविवारी आमची भिशी आहे, बावीस जणी आहेत. आजीची कोयरी घेऊन जाते.